ऑपरेशनमध्ये लॅक्टेट वाढलं. पण नेमकं कशामुळे?

पीएच.डी. प्रवेशाची तयारी करणाऱ्या शिरूरच्या एका विद्यार्थिनीने मला तिचा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. विषय चांगला होता: हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत रक्तातलं लॅक्टेट का वाढतं? पण तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, 'लॅक्टेट वाढणे म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडणे.' आपण सगळेच हे असंच शिकलोय. तरीही हे वाक्य तसंच ठेवलं तर पुढचा अभ्यास चुकीच्या रुळावर जातो. कसा, ते पाहू.

आधी यंत्र समजून घेऊ

आपल्याकडे 'बायपास झाली' म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं ऑपरेशन झालं. इथे तो अर्थ नाही. इथे बायपास म्हणजे हृदय आणि फुप्फुसं दोन्ही बाजूला ठेवून त्यांचं काम यंत्राने करणं. अमेरिकेत जॉन गिबन यांनी 6 मे 1953 रोजी हे यंत्र पहिल्यांदा माणसावर यशस्वीपणे वापरलं. मुंबईत केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं, तेही अशाच यंत्राच्या आधाराने. फुप्फुस प्रत्यारोपणासारख्या काही शस्त्रक्रियांतही ते लागतं.

यंत्र सुरू करण्याआधी त्याच्या नळ्या द्रवाने भरतात. याला प्राइम म्हणतात. हा द्रव रुग्णाच्या रक्तात मिसळतो आणि रक्त पातळ होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लॅक्टेट वाढायची पाच कारणं

रक्तात लॅक्टेट साधारण 2 मिलीमोल प्रति लिटरच्या आत असतं. बायपासदरम्यान ते 4 च्या वर गेलं तर पुढे गुंतागुंत जास्त दिसते, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. पण हा आकडा म्हणजे तयार झालेलं आणि साफ झालेलं यांतला हिशोब असतो. तो वाढायला पाच वाटा आहेत:

1. पेशींना खरोखर ऑक्सिजन कमी पडला.
2. अ‍ॅड्रेनालिन वाढलं (शरीरातलं किंवा औषध म्हणून दिलेलं). ते ग्लुकोज मोडण्याचा वेग वाढवतं. ऑक्सिजन भरपूर असला तरी लॅक्टेट तयार होतं.
3. यकृताचा रक्तपुरवठा घटला, शरीर थंड केलं, म्हणून सफाई मंदावली.
4. प्राइममध्ये आरएल होतं. ग्रामीण रुग्णालयातसुद्धा दिसणाऱ्या त्या सलाइनच्या एका लिटरमध्ये साधारण 28 मिलीमोल लॅक्टेट आधीच असतं.
5. नमुना तसाच पडून राहिला. तांबड्या पेशी नळीतही ग्लुकोज मोडत राहतात. म्हणून तपासणी लगेच करतात, किंवा नमुना बर्फावर किंवा फ्लोराइडच्या नळीत ठेवतात.

हा फरक फक्त पुस्तकी नाही. ऑक्सिजन कमी आहे असं धरलं तर रक्त चढवायचा निर्णय होऊ शकतो. खरं कारण अ‍ॅड्रेनालिन असेल तर त्या रक्ताचा उपयोग नाही, धोका मात्र आहे. उलट ऑक्सिजन खरोखर कमी असताना दुर्लक्ष झालं तर मूत्रपिंडांना इजा होते.

थोडं गणित

आपल्या भागातली 45 किलो वजनाची एक बाई समजा. ऱ्हुमॅटिक आजाराने झडप खराब झालेली, हिमोग्लोबिन 11. अंगात रक्त साधारण 2.9 लिटर (65 मिली प्रति किलो धरून). त्यात 1.2 लिटर प्राइम मिसळलं की:

11 × 2.9 ÷ 4.1 = 7.8

आता ऑक्सिजनचा पुरवठा काढू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन 1.36 मिली ऑक्सिजन वाहून नेतं. पंपाचा फ्लो 2.4 लिटर प्रति मिनिट प्रति चौरस मीटर धरू. डेसिलिटरचं लिटर करायला 10 ने गुणायचं:

7.8 × 1.36 × 10 × 2.4 = 255

(प्लाझ्मात विरघळलेला थोडासा ऑक्सिजन इथे सोडलाय.) हेच 70 किलोच्या, हिमोग्लोबिन 14 असलेल्या पुरुषासाठी काढलं तर उत्तर 367 च्या आसपास येतं. यंत्र तेच, प्राइम तेवढंच, फ्लोही तोच!

इटलीत रानुच्ची आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवलं की पुरवठा 272 च्या खाली गेला की ऑपरेशननंतर मूत्रपिंड निकामी होण्याची शक्यता वाढते. म्हणजे आपली बाई आधीच रेषेखाली आहे. फ्लो 2.6 केला तर पुरवठा 276 होतो, रक्त न चढवताही. अशक्तपणा आणि लहान बांधा या दोन्ही गोष्टी आपल्याकडे नेहमीच्या आहेत, म्हणून हे गणित आपल्यासाठी महत्त्वाचं.

पण एकूण पुरवठा पुरेसा म्हणजे प्रत्येक अवयवाला पुरेसा, असंही नाही. दौंडकरांना हे सांगायला नको. मुठा उजव्या कालव्याला खडकवासल्यातून पाणी सुटलं, तरी टेलच्या शेतापर्यंत ते पोचेलच असं नाही. आतड्याचं बऱ्याचदा तसंच होतं.

मग प्रश्न कसा मांडायचा?

- नुसतं लॅक्टेट नको. सोबत पुरवठ्याचा आकडा, परतणाऱ्या रक्तातली ऑक्सिजन संपृक्तता, ग्लुकोज, तापमान, अ‍ॅड्रेनालिनचा डोस आणि प्राइमचा प्रकार नोंदवा.
- वेळ लिहा. पंप सुरू होण्याआधीचं मोजमाप नसेल तर 'वाढलं' म्हणताच येत नाही.
- संबंध आणि कारण वेगळे ठेवा. ऑपरेशन लांबलं की लॅक्टेटही वाढतं आणि मूत्रपिंडालाही त्रास होतो. दोन्हींचं मूळ तिसरंच असू शकतं.
- कारण तपासायचं तर हस्तक्षेप करून पाहावा लागतो. 2018 च्या गिफ्ट चाचणीत पुरवठा 280 च्या वर ठेवल्यावर मूत्रपिंडाची सौम्य इजा कमी झाली. गंभीर इजेत मात्र फरक दिसला नाही. निष्कर्ष लिहिताना ही दोन्ही वाक्यं लिहायची.

त्या विद्यार्थिनीने वाक्य बदललं: 'बायपासदरम्यान वाढलेल्या लॅक्टेटपैकी किती वाढ ऑक्सिजन-पुरवठ्याच्या कमतरतेशी निगडित आहे, हे कमी वजनाच्या प्रौढ रुग्णांमध्ये तपासणे.' आता हा प्रश्न मोजता येतो, आणि तो चुकीचाही ठरू शकतो. गाइडला नेमकं हेच हवं असतं.

जाता जाता सराव: वरच्या बाईचं हिमोग्लोबिन 9 असेल तर 2.4 च्या फ्लोला पुरवठा किती? उत्तर 208 च्या आसपास यायला हवं. मग फ्लो किती लागेल तेही काढा, आणि तेवढा वाढवणं शक्य आहे का याचा विचार करा.