जवानांचे स्मरण आणि शेअर्सवरचे नाव



लागणीची नोंद, खोडव्याची निगा, पाचट न जाळणे, अशा विषयांवर आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. पण तो आपल्या बांधापासून लांबचा नाही, हे शेवटपर्यंत वाचल्यावर पटेल.

दर १७ सप्टेंबरला आपल्याकडे मुक्तिदिनाचे झेंडावंदन होते. शाळेतली पोरं प्रभातफेरी काढतात, खाऊ वाटला जातो आणि आपण रानाकडे वळतो. पण त्या दिवसाआधी चार दिवस आपल्याच रस्त्यावर काय घडले, ते नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरले. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी हे त्या फौजेचे सेनापती. नळदुर्गजवळचा बोरी नदीचा पूल सैन्याने शाबूत ताब्यात घेतला आणि रणगाडे जळकोटमार्गे पुढे निघाले. त्याच दिवशी दुपारी ते उमरग्यात पोचले. इथं रझाकारांनी प्रतिकार केला, तो लवकरच मोडला. पुढे १७ तारखेला निजामाने शरणागती दिली.

आज त्याच सोलापूर-हैदराबाद रस्त्याने आपल्या उसाचे ट्रॅक्टर जातात. त्या पहाटे नळदुर्गजवळ शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग आपल्या तुकडीसह पुढे चालले होते. समोरून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि त्यांच्या मांडीत गोळ्या घुसल्या. तशाही स्थितीत ते सरपटत पुढे गेले, हातबॉम्ब टाकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली आणि साथीदारांना धीर देत तिथंच प्राण सोडला. १९५२ साली अशोकचक्र हा सन्मान सुरू झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव आले. माणूस पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्याचा. आपली बोली त्यांना येत नव्हती, आपलं गाव त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तरी रक्त सांडलं ते आपल्या मातीत. आपल्या भागातली मुलंही पुढे अशीच परक्या मुलखात, बर्फात, वाळवंटात उभी राहिली. ही परतफेड म्हणायची.

आता आमच्याच खात्याची एक गोष्ट सांगतो. त्यात चूक आमची आहे, म्हणूनच सांगतो.

आमच्या एका गटातले एक सभासद. बारा हंगाम आम्ही त्यांच्या फडात गेलो. गट नंबर पाठ, ८६०३२ ची लागण कोणत्या तारखेची ते पाठ, विहिरीला पाणी किती तेही पाठ. बोलणे कमी, वागणे सरळ; तोडणीसाठी कधी भांडायला आले नाहीत. ते वारले तेव्हा त्यांच्या मंडळी कागदपत्रांची पत्र्याची पेटी घेऊन ऑफिसात आल्या. शेअर सर्टिफिकेट काढताना त्याखाली कापडात गुंडाळलेले पदक निघाले. ते १९७१ च्या लढाईत होते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

पेटीतून आणखी एक गोष्ट निघाली. शेअर्स घेताना ते अजून नोकरीत होते आणि वारस म्हणून त्यांनी आईचे नाव दिले होते. आई केव्हाच गेली होती. नाव बदलायचे राहून गेले आणि आमच्यापैकी कुणी कधी विचारलेही नाही. त्या हंगामाचे उसाचे बिल मयताच्या खात्यावर जमा झाले आणि तिथंच अडकले. वारस दाखला, प्रतिज्ञापत्र, पुन्हा दाखला, यासाठी त्या माऊलीला किती खेटे घालावे लागले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. खोडव्याला खत घालायची वेळ निघून गेली. सैनिकाचा सन्मान हारतुऱ्यांनी होतो, तसाच तो वेळेवर भरलेल्या एका फॉर्मनेही होतो, हे आम्ही तेव्हा शिकलो.

म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक सभासदाने, विशेषतः ज्यांच्या घरात आजी-माजी सैनिक आहेत त्यांनी, ध्यानात घ्याव्यात.

१) शेअर्सवरचे वारसाचे नाव. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचे शेअर्स त्याने नेमलेल्या व्यक्तीच्या नावे करता येतात. नाव नेमलेले नसेल किंवा ती व्यक्ती हयात नसेल, तर वारस ठरविण्यात वेळ जातो. लग्न झाले, आई-वडील वारले, की नाव तपासून बदलून घ्यावे. सातबाऱ्यावरची वारसनोंद ही वेगळी बाब आहे. ती तलाठी कार्यालयात करावी लागते.

२) पलटणीतली नोंद. निवृत्तिवेतनाच्या कागदावर पत्नीचे नाव व जन्मतारीख आधार कार्डाप्रमाणे आहे का, ते पाहावे. माहेरचे नाव, सासरचे नाव, स्पेलिंगचा घोळ, यावरून पुढे कुटुंब निवृत्तिवेतन अडते. दुरुस्ती सैनिक हयात असतानाच सोपी जाते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांचे अभिलेख कार्यालय बेळगावला आहे. अर्ज कसा करायचा, याची माहिती धाराशिवच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. माजी सैनिक व वीरपत्नींची ओळखपत्रेही तिथूनच मिळतात.

३) घरपट्टी. माजी सैनिकांना व सैनिकांच्या विधवा पत्नींना एका घराची घरपट्टी माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० साली घेतला आहे. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यावा.

४) दोन शब्दांतला फरक. स्वातंत्र्यसैनिक म्हणजे मुक्तिलढ्यात उतरलेले नागरिक. त्यांच्या सन्मानाचे काम राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाकडे असते. माजी सैनिक म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचे काम सैनिक कल्याण कार्यालयाकडे. अर्ज चुकीच्या दारात दिला की महिने जातात.

५) ध्वजदिन. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे त्या छोट्या ध्वजाचे तीन रंग भूदल, नौदल व वायुदलाचे. त्या दिवशी जमणारा निधी शहिदांची कुटुंबे, जखमी जवान व माजी सैनिक यांच्यासाठी असतो. तेव्हा आपला गाळप हंगाम भरात असतो, घाईगर्दी असते. तरी डबा पुढे आला तर हात आखडता घेऊ नये.

शेवटी गावकीचे एक काम. दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उघडले. तिथल्या ग्रॅनाइटवर स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे कोरलेली आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये देशभर ग्रामपंचायतींनी वीरांच्या स्मरणार्थ शिलाफलक बसविले. आपल्या गावच्या फलकावर सगळी नावे आली आहेत का, ते एकदा वाचून पाहा. राहिले असेल तर ग्रामसभेत सांगा. आणि जे हयात आहेत, त्यांच्याजवळ संध्याकाळी घटकाभर बसा. आम्ही बारा हंगाम बसलो नाही, त्याची चुटपुट अजून जात नाही.

यंदा आमचे गटप्रमुख लागणीच्या नोंदीला तुमच्या फडात येतील, तेव्हा दोन प्रश्न जास्तीचे विचारतील : शेअर्सवर वारस कोण? आणि घरात कुणी फौजेत होते का? कृपया दोन्हींची उत्तरे द्यावीत.

जय जवान, जय किसान!

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग