आजीचं कार्ड

1 मार्च 2021 ला साठीपुढच्यांसाठी करोनाची लस खुली झाली आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीत केंद्रांबाहेर ज्येष्ठांच्या रांगा लागल्या. कोविनवर नाव घालायला नातवंडं, हातात आधार कार्ड, पिशवीत पाण्याची बाटली. एप्रिलमध्ये डोस कमी पडू लागले, तरी मंडळी हटली नाहीत. याच मंडळींपाशी आज न्यूमोनियाच्या लशीचा विषय काढा. उत्तर येतं, "ती लहान मुलांची ना?"

या उत्तरामागे चाळीसेक वर्षांची सवय आहे. सार्वत्रिक लसीकरण 1985 मध्ये सुरू झालं, 1995 मध्ये पल्स पोलिओचे रविवार आले. लस म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते कडेवरचं मूल आणि त्याचं कार्ड. मोठ्या माणसाने सुई टोचून घ्यायची ती कुत्रा चावला किंवा खिळा लागला तर.

न्यूमोनियाला कारण ठरणाऱ्या न्यूमोकॉकस जंतूच्या 23 प्रकारांवरची, मोठ्यांना द्यायची लस अमेरिकेत 1983 मध्येच आली होती. आपल्याकडे असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाने 2009 मध्ये प्रौढांच्या लसीकरणाची मार्गदर्शक सूत्रं दिली. तरीही 2017-18 च्या 'लासी' या देशव्यापी पाहणीत, पंचेचाळिशी ओलांडलेल्यांपैकी ही लस घेतलेले निघाले 0.6 टक्के. हजारात सहा.

मुलांच्या बाबतीत चक्रं भराभर फिरली. 2017 मध्ये हिमाचलसह काही भागांत सरकारी कार्यक्रमात लस आली, डिसेंबर 2020 मध्ये पुण्याच्या सीरमने स्वस्तातली 'न्यूमोसिल' आणली आणि 2021 मध्ये ती देशभर पोचली. दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने: नातवाला तिन्ही वेळा मोफत टोचून आणणारी आजी स्वतः मात्र कोरीच. तिला थोडा आडून फायदा होतो, हे खरं. हा जंतू बऱ्याचदा लहानग्यांच्या नाकाघशातून घरात फिरतो. अमेरिकेत 2000 पासून मुलांना लस मिळू लागल्यावर म्हाताऱ्यांमधला गंभीर आजारही घटला. पण मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्या सत्तरीच्या माणसाने एवढ्यावर विसंबू नये.

मग अडतं कुठे? आधी खिशात. करोनाची लस सरकारी केंद्रात फुकट होती, खासगीत सुरुवातीला 250 रुपये. न्यूमोनियाच्या लशीला काही हजार मोजावे लागतात आणि मेडिक्लेममध्ये ते सहसा बसत नाहीत. वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेल्याची ईपीएस-95 ची किमान पेन्शन 2014 पासून 1000 रुपये आहे. हिशेब तिथेच संपतो.

ज्यांना परवडतं, त्यांचं घोडं दुसरीकडे अडतं. फॅमिली डॉक्टर दर महिन्याला बीपी-शुगर बघतात, गोळ्या बदलून देतात. लशीचा विषय निघतच नाही. डॉक्टर बोलले नाहीत म्हणजे गरज नसणार, असं पेशंट धरून चालतो. बऱ्याच घरांत हा विषय पहिल्यांदा काढतो तो न्यू जर्सीतला मुलगा, कारण तिथे साध्या तपासणीतही ते विचारतात. त्या देशाने तर ऑक्टोबर 2024 मध्ये शिफारशीचं वय पन्नासवर आणलं.

एक समज मात्र दूर करायला हवा. ही लस प्रत्येक न्यूमोनिया रोखत नाही. नेदरलँड्समध्ये पासष्टीपुढच्या सुमारे 85 हजार जणांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2015 मध्ये आले: लशीत सामावलेल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया 45.6 टक्क्यांनी कमी झाला. त्यामुळे 'लस घेऊनही झालाच की' असं कट्ट्यावर कोणी सांगितलं, तर ते खोटं नसतं, आणि लस वाया गेल्याचा पुरावाही नसतो.

मागे वळून बघताना 2021 ची ती रांग पुन्हा आठवते. सुईची भीती तेव्हाही होतीच. पण तारीख ठरलेली होती, जागा माहीत होती, पैशांचा प्रश्न नव्हता आणि शेजारचे काकाही निघाले होते. नातवाच्या कार्डावर पुढच्या डोसची तारीख पेनाने लिहिलेली असते. आजीच्या बीपी-शुगरच्या फाइलीत तशी एक ओळ अजून कोणी लिहिलेली नाही.