इमाम अली कोण होता?

मुलांनो, १९३० साली इंग्रजांनी आपल्या सोलापुरात मार्शल लॉ पुकारला होता, हे तुम्ही वाचलंच असेल. त्यानंतर बारा वर्षांनी सारा देश पेटला. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे गांधीजींना आणि इतर पुढाऱ्यांना अटक झाली. आता लढा चालवायचा कोणी?

अनेक कार्यकर्ते भूमिगत झाले. भूमिगत म्हणजे जमिनीखाली नव्हे बरं का! नाव, वेश बदलून पोलिसांच्या नजरेआड राहायचं आणि काम चालू ठेवायचं. तिकडे फ्रान्समध्येही जर्मन फौजांविरुद्ध देशभक्त तेव्हा असेच लढत होते.

आपल्याकडच्या भूमिगतांत साने गुरुजी होते आणि श्रीधर महादेव जोशी, म्हणजे सगळ्यांचे एसेमही होते. एसेमनी दाढी वाढवली, मुसलमानी पेहराव केला आणि नाव घेतलं ‘इमाम अली’! सापडले तर तुरुंग ठरलेला. आसरा देणाऱ्या घरावरही संकट. १९४३ मध्ये ते पकडले गेलेच.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी ‘लोकमित्र’ या पत्राचं संपादन केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ते आघाडीवर होते. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. १९६७ मध्ये ते पुण्यातून लोकसभेवर निवडून गेले; मंत्री मात्र कधीच झाले नाहीत. १९८९ मध्ये ते वारले.

आज जेवताना आईबाबांना एक विचारा. असा एखादा इमाम अली रात्री आपलं दार वाजवता, तर आपण त्याला आत घेतलं असतं का?