बटण तू दाबलंस, अक्षर कोणी लिहिलं?

गोंदिया जंक्शनवर आरक्षणाच्या खिडकीसमोर मी आणि माझी भाची रांगेत उभे होतो. महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढायचं होतं. ही गाडी गोंदियाहून निघते ती पार कोल्हापूरला जाऊन थांबते, राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमचा नंबर आला तशी भाची टाचा उंच करून काचेतून आत बघायला लागली. खिडकीतले बाबू कीबोर्डकडे न बघताच भराभर बोटं चालवत होते आणि समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटत होती.

"मामा, ती अक्षरं कोण लिहितं?"

"बाबू लिहितात ना."

"तसं नाही रे. ते तर बटण दाबतात. पडद्यावर कोण लिहितं? कीबोर्ड?"

दोस्तांनो, हा प्रश्न मला इतका आवडला की तिकीट हातात घेऊन बाहेर येईस्तोवर मी त्याचाच विचार करत होतो. आपण रोज शंभर वेळा बटणं दाबतो, रोज शंभर वेळा अक्षर उमटतं, आणि मधे कोणी आहे अशी शंकासुद्धा आपल्याला येत नाही. पण मधे कोणीतरी आहे, आणि ते भारी कामाचं आहे.

आधी त्या खिडकीतल्या यंत्राबद्दल सांगतो. रेल्वेचं आरक्षण पूर्वी मोठ्या जाडजूड रजिस्टरांत हातानं लिहीत. 1985-86 च्या सुमारास दिल्लीत ते काम संगणकावर आलं, आणि मग दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशा पाच ठिकाणी मोठे संगणक बसले. गावोगावच्या खिडक्यांवर फक्त पडदा आणि कीबोर्ड. हिशेब करणारा मेंदू दूर, खिडकीवर नुसते डोळे आणि बोटं. अशा यंत्राला टर्मिनल म्हणतात. टर्मिनल म्हणजे टोक, शेवटचं ठिकाण. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधला 'टर्मिनस' हा शब्द त्याच घरातला.

टर्मिनल पडद्याहूनही जुनं आहे बरं का. पहिली टर्मिनलं म्हणजे टेलिप्रिंटर, तारेवरून आलेला मजकूर कागदावर खडाखड छापणारं टाइपरायटर. 1963 साली आलेलं 'टेलिटाइप मॉडेल 33' सेकंदाला 10 अक्षरं छापायचं. 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची कार्यप्रणाली उभारायला घेतली, तेव्हा ते दोघं अशाच खडखडणाऱ्या यंत्रांवर बसून काम करत. टेलिटाइपचं छोटं नाव 'टीटीवाय'. ती यंत्रं आता संग्रहालयात गेली, पण लिनक्स ही कार्यप्रणाली असलेल्या आजच्या कुठल्याही संगणकात टर्मिनलचं नाव अजून टीटीवायच आहे. आजोबा गेले तरी दारावरची पाटी त्यांच्याच नावाची राहते, तसं.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येऊ. आमच्या घरामागे राइस मिल आहे. आपल्या जिल्ह्यात कुठेही राहा, हाकेच्या अंतरावर एखादी राइस मिल असतेच! घरी आल्यावर मी तिला तिथंच घेऊन गेलो. पोत्यातून मूठभर धान घेऊन तिच्या तळहातावर ठेवलं. एक दाणा नखानं सोलायला सांगितला. वरचं सोनेरी, खरखरीत तूस निघालं आणि आत तांदळाचा दाणा दिसला. मिलमध्ये हेच काम दोन रबरी रूळ करतात. एक जरा जोरात फिरतो, एक जरा हळू, आणि मधून जाणाऱ्या दाण्याचं तूस सोलून निघतं. त्या यंत्राला आपल्याकडे शेलर म्हणतात.

"शेल म्हणजे टरफल, तूस," मी म्हणालो. "आणि इंग्रजीत टरफलाच्या आतल्या दाण्याला काय म्हणतात माहीत आहे? कर्नेल."

संगणकाच्या माणसांनी हेच दोन शब्द उचलले. आपण ज्याला हुकूम देतो, ज्याला आपला हात लागतो, तो वरचा प्रोग्राम म्हणजे शेल. आणि आत बसून सगळं यंत्र सांभाळणारा गाभा म्हणजे कर्नेल. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरवर पाळी कोणाची, कीबोर्डवरून काय आलं, पडद्यावर काय जायचं, हे सगळं कर्नेल बघतो. इतर प्रोग्रामना यंत्राला थेट हात लावायची परवानगीच नसते. काय हवं ते कर्नेलकडे मागायचं.

घरी भाचीच्या दादाचा जुना लॅपटॉप होता, लिनक्स घातलेला. टर्मिनलची काळी खिडकी उघडली. तिला इंग्रजीत सी, ए, टी ही तीन अक्षरं टाइप करून एंटर दाबायला लावलं. (हा 'कॅट' म्हणजे मांजर नव्हे. जे मिळेल ते जसंच्या तसं परत देणारा एक अगदी साधा प्रोग्राम आहे.) मग म्हटलं, आता गोंदियाचं इंग्रजी स्पेलिंग लिही, पण एंटर दाबू नकोस.

तिनं लिहिलं. अक्षरं उमटली.

"कॅटनं परत दिली?"

"तुला काय वाटतं? एंटर दाब."

एंटर दाबल्याबरोबर खालच्या ओळीत गोंदिया पुन्हा एकदा उमटलं. आता पडद्यावर दोन गोंदिया! दुसरं कॅटनं लिहिलं हे उघड आहे. मग पहिलं कोणी लिहिलं? कॅटच्या हाती तर एंटर दाबेपर्यंत एकही अक्षर पडलेलं नव्हतं. आणि कीबोर्डला पडदा कुठे आहे याचा पत्ताही नसतो.

पहिलं गोंदिया लिहिलं कर्नेलनं.

आता हे कसं घडतं ते जरा सावकाश बघू, कारण खरी मजा इथंच आहे. जुन्या टर्मिनलचंच उदाहरण घेऊ, वायरवर सगळं स्पष्ट दिसतं म्हणून. तुम्ही इंग्रजी कॅपिटल 'जी' दाबता. संगणकाच्या भाषेत तो 71 नंबर. हा नंबर शून्य आणि एकच्या आठ ठिपक्यांत मोडून एकेक ठिपका वायरवरून निघतो. पुढे 'आलो हं' सांगणारा एक ठिपका, मागे 'संपलं' सांगणारा एक. म्हणजे एका अक्षरामागे दहा ठिपके. वायरचा वेग सेकंदाला 9600 ठिपके असेल, तर सेकंदाला 960 अक्षरं जातात. तुम्ही म्हणाल, बाप रे! पण संगणकाचा प्रोसेसर सेकंदाला अब्जाहून जास्त वेळा टिकटिकतो. दोन अक्षरांच्या मधल्या वेळात त्याची दहा लाख टिकटिक होऊन जाते. इतका वेळ तो दाराशी ताटकळत बसला तर बाकीची कामं कोण करणार? म्हणून तो वाट बघत नाही. वायरच्या टोकाशी एक छोटी चिप बसवलेली असते. ती अक्षर टोपलीत घेते आणि प्रोसेसरचं दार वाजवते. याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातलं काम तिथंच ठेवून उठतो आणि ज्याला या चिपची भाषा कळते त्याला हाक मारतो.

तो म्हणजे डिव्हाइस ड्रायव्हर. चिपची टोपली कुठे आहे, ती कशी रिकामी करायची, वायरचा वेग कसा ठरवायचा, हे त्यालाच ठाऊक. दर यंत्राची भाषा निराळी, म्हणून दर यंत्राचा ड्रायव्हर निराळा. पण कर्नेलला ही शंभर भाषांची कटकट नको असते. त्यामुळे ड्रायव्हर कामावर रुजू होतानाच कर्नेलकडे नोंदणी करतो आणि एक यादी सोपवतो: दार उघडायचं असेल तर मला इथं हाक मारा, अक्षरं पाठवायची असतील तर इथं, वेग बदलायचा असेल तर इथं, बंद करायचं असेल तर इथं. यादीतले रकाने सगळ्या ड्रायव्हरांचे सारखेच, आतलं काम मात्र ज्याचं त्याचं. कर्नेल त्यांना नंबरही देतो, दोन-दोन. असे एकामागे एक ठिपके नेणाऱ्या वायरच्या दाराला सिरियल दार म्हणतात. लिनक्समध्ये पहिल्या सिरियल दाराचे नंबर आहेत 4 आणि 64. पहिला नंबर सांगतो ड्रायव्हर कोणता, दुसरा सांगतो त्याच्या हाताखालचं यंत्र कोणतं. आमच्या तिकिटावरही दोन नंबर होते की, गाडीचा एक आणि बर्थचा एक!

पण ड्रायव्हर अक्षर घेऊन थेट कॅटकडे जात नाही. वाटेत आणखी एक जण बसलेला असतो, आणि माझा सगळ्यात लाडका तोच. त्याचं नाव 'लाइन डिसिप्लिन', म्हणजे ओळीची शिस्त. हा कर्नेलचाच एक भाग. भाचीच्या प्रश्नाचं खरं उत्तर हा आहे. अक्षर हाती आलं की तो दोन गोष्टी करतो. एक प्रत आपल्या कोठारात ठेवतो आणि एक प्रत उलट पावली ड्रायव्हरकडे देतो, 'हे पडद्यावर दाखव' म्हणून. ती परत गेलेली प्रत आपल्याला दिसते. तिला प्रतिध्वनी म्हणतात. पासवर्ड लिहिताना काहीच उमटत नाही ना? तेव्हा त्या प्रोग्रामनं याला सांगितलेलं असतं, प्रतिध्वनी बंद ठेव.

तुम्ही चुकलात आणि बॅकस्पेस दाबलंत तर हाच कोठारातलं शेवटचं अक्षर काढून टाकतो. कॅटला तुमची चूक कधी कळतच नाही. कंट्रोल धरून सी दाबलंत तर ते अक्षर तो कोठारात ठेवत नाही, चालू प्रोग्रामला सरळ थांबायचा निरोप धाडतो. एंटर दाबलंत की अख्खी ओळ कॅटच्या हवाली करतो. आणि कॅटचं उत्तर बाहेर जाताना त्यात ओळ संपल्याची एक खूण असेल, तर तिच्या दोन करतो: 'डावीकडे जा' आणि 'खाली सरक'. दोन कशाला? टेलिप्रिंटरवर छापणारा भाग डावीकडे न्यायची क्रिया वेगळी आणि कागद वर सरकवायची वेगळी, म्हणून. तो कागद कधीचाच संपला, पण कर्नेल अजून दोन्ही हुकूम सोडतो.

भाचीनं सवयीनं कंट्रोल आणि एस दाबलं. सगळीकडे त्यानं सेव्ह होतं, नाही का? पण इथं पडदा गप्प झाला. ती लिहीत होती, काही उमटत नव्हतं. तिचा चेहरा पडला. "बिघडवलं का मी?" काहीच बिघडलं नव्हतं. कंट्रोल-एस म्हणजे लाइन डिसिप्लिनला सांगितलेलं 'थांब', जुन्या हळू यंत्रांना दम घेता यावा म्हणून ठेवलेलं. मी कंट्रोल आणि क्यू दाबायला सांगितलं, आणि इतका वेळ अडवून ठेवलेली अक्षरं एकदम पडद्यावर आली. त्यानंतर तिनं हाच खेळ निदान वीसदा केला असेल.

ही जी नीटनेटकी, निवडून टिपून ओळ देण्याची रीत आहे, तिचं इंग्रजी नाव ऐकाल तर तुम्हाला आपल्याच स्वयंपाकघरात आल्यासारखं वाटेल. तिला 'कुक्ड' म्हणतात, शिजवलेली. आणि काहीही न निवडता, दाबलं तसं लगेच द्यायचं, ती 'रॉ', कच्ची. खेळाच्या प्रोग्रामला कच्चा मालच लागतो. उडी मारायचं बटण दाबल्यावर एंटरची वाट बघत बसलं तर खेळ कसला! मधली एक रीतही आहे. अक्षर लगेच मिळतं, पण कंट्रोल-सीसारखे निरोप लाइन डिसिप्लिनच सांभाळतो. मी भाचीला म्हटलं, हा उकडा तांदूळ. आणि कॅटच का वापरायला लावलं तेही सांगतो. आजचे शेल कर्नेलकडून कच्चं घेतात आणि स्वतःच शिजवतात, त्यामुळे तिथं लाइन डिसिप्लिनचं काम नजरेला पडत नाही.

"पण मामा, लॅपटॉपला तर ती वायर नाही."

बरोबर. आमच्यासमोरची काळी खिडकी म्हणजे टर्मिनलचं सोंग आहे. एक प्रोग्राम टर्मिनल असल्याचं नाटक करतो आणि कर्नेल त्याला तशीच वागणूक देतो. प्रतिध्वनी, बॅकस्पेस, सगळं तेच. खुद्द लिनक्सचा जन्मही अशाच सोंगातून झाला. 1991 मध्ये फिनलंडचा 21 वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकी विद्यापीठाच्या संगणकाशी घरून बोलता यावं म्हणून टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्राम लिहीत होता. तो वाढत वाढत कर्नेल झाला.

शेवटी भाचीनं इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला आणि मराठीत 'गोंदिया' लिहिलं. सात बटणं: ग, ओकार, अनुस्वार, द, वेलांटी, य, काना. यातलं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन-तीन आकड्यांनी साठवतात. एकटा 'ग' म्हणजे 224, 164, 151. असे एकूण 21 आकडे. लाइन डिसिप्लिन जन्माला आला तेव्हा एक अक्षर म्हणजे एकच आकडा होता. तो जुन्या सवयीनं वागला असता, तर एका बॅकस्पेसला तीनातला एकच आकडा पुसून चिन्ह अर्धवट मोडून ठेवलं असतं. म्हणून लिनक्सच्या कर्नेलमध्ये त्याच्यासाठी एक खास खूण ठेवली आहे: ही लावलेली असेल तर तिन्ही आकडे मिळून एक समज.

तिनं बॅकस्पेस दोनदा दाबलं. पडद्यावर भलतंच झालं. काना, वेलांटीसारखी चिन्हं शेजारच्या अक्षराला चिकटून बसतात आणि लाइन डिसिप्लिन प्रत्येकासाठी एक वेगळी जागा धरतो, त्यामुळे पुसताना त्याची जागा चुकली.

"आता आत काय उरलंय?" मी विचारलं.

तिनं बोटांवर मोजलं. काना गेला, य गेला. मग एंटर दाबलं, आणि कॅटनं खालच्या ओळीत स्वच्छ लिहिलं: गोंदि.