सुई टोचायची कुठे?

दिवाळीच्या तोंडावर फराळाच्या जाहिरातींबरोबर लॅबवाल्यांचेही मेसेज येऊ लागतात. फुल बॉडी चेकअप, घरी येऊन रक्त नेणार, वर ट्युमर मार्कर मोफत. पन्नाशीपुढच्या पुरुषांच्या पॅकेजात पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीसाठीचा रक्तातला आकडा, हमखास असतो. रिपोर्टात तो आकडा ठळक छापून आला की घरादाराची झोप उडते. प्रोस्टेटच्या कॅन्सरबद्दल मी वर्षानुवर्षं हाती लागेल ते वाचत आलोय, म्हणून असे रिपोर्ट सोसायटीतले काका मला व्हॉट्सॲपवर धाडतात. मी डॉक्टर नाही, हे सांगूनही धाडतात.

माझा पहिला प्रश्न ठरलेला: लघवीसाठी कुठली गोळी चालू आहे? फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने-वर्षभर घेतलं की पीएसए साधारण निम्म्यावर येतो. अशा माणसाचा 3 हा आकडा 6 समजून वाचायचा असतो, पण लॅबच्या कागदावर तो बिनधास्त 'नॉर्मल' म्हणून छापला जातो. उलट नुकतंच कॅथेटर घातलेलं असेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल, तर कॅन्सर नसतानाही आकडा चढतो. तेव्हा काही आठवडे थांबून चाचणी पुन्हा करावी, इतकी साधी गोष्ट. पॅकेज विकणाऱ्याला हे विचारायला सवड नसते, आणि माझा राग त्याच्यावर आहे, चाचणीवर नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो. पीएसए हे वीर्य पातळ करणारं प्रथिन. 1979 मध्ये अमेरिकेतल्या रॉसवेल पार्क संस्थेत ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं. 1986 मध्ये अमेरिकेत चाचणीला मान्यता मिळाली ती कॅन्सर असलेल्यांवर नजर ठेवण्यासाठी, 1994 मध्ये निदानाला मदत म्हणून. 4 ही सीमा रूढ झाली. पण 2004 मध्ये छापून आलेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात, 4 किंवा त्याहून कमी आकडा असलेल्यांची बायोप्सी केल्यावर त्यांतल्या सुमारे 15 टक्क्यांना कॅन्सर निघाला. बस्स, एवढं पुरे.

खरी गंमत सुईपाशी आहे. कित्येक वर्षं रीत अशी होती की आकडा वाढला की गुदमार्गातून सोनोग्राफीचा प्रोब घालायचा आणि ग्रंथीचे भाग कल्पून दहा-बारा तुकडे काढायचे. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते. गाठ बहुतेकदा दिसत नाही. म्हणजे अंधारात तीर. त्यात दोन्हीकडून फसगत. पुढच्या भागातली घातक गाठ सुईच्या वाटेतच येत नाही, आणि जन्मभर निरुपद्रवी राहिली असती अशी बारीक गाठ नेमकी टोचली जाते. मग ऑपरेशन, नंतर लघवी गळण्याचा त्रास. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीत 1,643 पुरुषांची तीन गटांत विभागणी केली होती: ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसती देखरेख. 15 वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले जवळपास सारखेच, सुमारे 3 टक्के. निदान व्हावं, पण नको त्याचं होऊ नये, हा इथला खरा पेच.

तो सोडवायला आधी सुई किती चुकते ते मोजायला हवं होतं. 2017 चा प्रॉमिस अभ्यास म्हणूनच माझा लाडका. ब्रिटनमधल्या 576 पुरुषांचा आधी एमआरआय झाला. मग जुन्या पद्धतीची बायोप्सी, आणि शिवाय भूल देऊन दर 5 मिलिमीटरवर सुई घालून अख्ख्या ग्रंथीची छाननी. ही छाननी खरी कसोटी. तिच्याशी ताडून पाहिलं तर महत्त्वाच्या कॅन्सरपैकी जुन्या बायोप्सीने 48 टक्केच पकडले होते. एमआरआयने 93 टक्के. दुसरी बाजूही सांगतो, उत्साही लेखांत ती गाळली जाते: ज्यांना महत्त्वाचा कॅन्सर नव्हता त्यांतल्या 41 टक्क्यांनाच एमआरआय 'नाही' म्हणू शकला. बाकीच्यांना उगाच संशय.

म्हणून एमआरआय हा निकाल नव्हे, सुईचा वाटाड्या. 2018 मध्ये 500 पुरुषांवरच्या प्रिसिजन चाचणीत तेच तपासलं. एमआरआयच्या गटातल्या 28 टक्क्यांना बायोप्सीच लागली नाही, तरी महत्त्वाचे कॅन्सर 38 टक्के जणांत सापडले; जुन्या पद्धतीत 26. बिनमहत्त्वाचे मात्र 22 वरून 9 टक्क्यांवर आले.

पुण्यातल्या एका रेडिओलॉजिस्टच्या काळोख्या खोलीत बसून हे स्कॅन पाहण्याचा योग आला. ग्रंथीचा बाहेरचा पट्टा पांढरा दिसतो, त्यात काळा डाग आला की नजर अडते. आतला भाग अवघड, वयोमानाने वाढलेल्या गाठींनी भरलेला. "इथे बघा, पोत पुसलंय," त्यांनी कर्सर फिरवला. कोळशाच्या रेखाटनावरून अंगठा फिरवावा तसा फरकटलेला भाग. रेडिओलॉजिस्ट त्याला कोळशाचीच उपमा देतात. मग पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारी चित्रं. पेशी दाटीवाटीने असतील तिथे पाणी अडखळतं. हे सगळं जमेस धरून 1 ते 5 गुण, पाय-रॅड्स.

5 गुण मिळूनही कॅन्सर नसलेली एक केस त्यांनी सांगितली आणि मी चाटच पडलो. त्या गृहस्थांना मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजी दिलेलं होतं. हो, आपल्या दंडावर ज्याचा व्रण असतो तेच. ते मूत्राशयात सोडतात, आणि त्याने कधी प्रोस्टेटला अशी सूज येते की एमआरआयमध्ये ती हुबेहूब कॅन्सर दिसते. आधीच्या उपचारांचा कागद सोबत नसेल तर कितीही महागडं मशीन काय करणार?

रक्ताचा आकडा इथे पुन्हा उपयोगी पडतो. पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागायचं. पीएसए 6 आणि ग्रंथी 60 मिलिलिटर, तर 0.10, तीच 30 असेल तर 0.20. साधारण 0.15 च्या वर संशय बळावतो. एमआरआयने आकारमान मोजून दिलेलंच असतं, भागाकार फुकट. तरी कित्येक रिपोर्टांत तो केलेला नसतो.

पेट स्कॅनवर वेगळा लेख लिहायला हवा. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन आलं. या स्कॅनसाठी तिथे बनणारं किरणोत्सर्गी फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. असं औषध गाडीने पुण्याला निघालं आणि बोरघाटात वाहतूक तुंबली, तर डोस वाटेतच विरतो. प्रोस्टेटसाठी हल्ली पीएसएमए नावाच्या खुणेला चिकटणारं द्रव्य वापरतात. नावात प्रोस्टेट, पण लाळग्रंथीही त्यात लख्ख उजळतात. तरी धोकादायक कॅन्सर कुठवर पसरलाय ते शोधायला ते जबरदस्त: 2020 च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत त्याची अचूकता 92 टक्के, सीटी आणि हाडांच्या स्कॅनची मिळून 65.

यंदाच्या अंकासाठी लिहिताना मला सर्वांत मोलाची वाटते ती 2025 ची प्राइम चाचणी. 490 पुरुषांचे एमआरआय दोन्ही तऱ्हांनी वाचले, शिरेतून रंगद्रव्य देऊन आणि न देता. महत्त्वाचे कॅन्सर सापडले अनुक्रमे 29.6 आणि 29.2 टक्के जणांत. इंजेक्शन नको, वेळ जवळपास निम्मा, खर्चही कमी. पुण्याच्या त्या रेडिओलॉजिस्टना मी विचारलं, मग आता तालुक्याच्या गावीही होईल का हे? ते म्हणाले, "मशीन पोचेल हो. चित्रं चांगली निघाली पाहिजेत आणि वाचणाऱ्याने आधी दोन-चारशे केसेस बायोप्सीशी ताडून पाहिलेल्या असल्या पाहिजेत. ते कोण शिकवतंय?"