माती खाऊ नका, माती मोजा!

रस्त्याखालची माती परीक्षा देते, माहीत आहे का? पेपरचं नाव ड्राय डेन्सिटी! एका घनमीटर जागेत निव्वळ कोरडी माती किती किलो बसली, तो हा आकडा. पाण्याचं वजन यात धरायचंच नाही. ओल आज आहे, उद्या नाही. ट्रकचा भार पेलतात ते दाबून बसलेले कण.

गणित? एकदम झटपट! एक लिटरचा पोलादी कोअर कटर जमिनीत ठोकला, त्यात माती आली 1980 ग्रॅम. ओल निघाली कोरड्या वजनाच्या 10 टक्के. 1980 भागिले 1.10, म्हणजे 1800 ग्रॅम. घनमीटरला 1800 किलो! आता लॅबमधला कमाल आकडा 1900 असेल, तर कॉम्पॅक्शन झालं 94.7 टक्के. अट 95 ची? मग या थराने माती खाल्ली. बोलवा रोलर!

आता हिरोची एन्ट्री. साल 1933, शहर लॉस एंजेलिस. तिथल्या पाणीपुरवठा खात्यातले इंजिनियर राल्फ प्रॉक्टर मातीच्या धरणांच्या कामात होते. त्यांनी दाखवलं की माती तीच, ठोके तेवढेच, फक्त पाणी वाढवत न्या. ड्राय डेन्सिटी चढते, शिखर गाठते आणि चक्क उतरते! थोड्या पाण्याने कण सरकून एकमेकांत घट्ट बसतात. पाणी जास्त झालं की पोकळीत तेच ठाण मांडतं, आणि पाणी काही दाबलं जात नाही. शिखरावरची ओल म्हणजे ओएमसी, तिथली घनता म्हणजे एमडीडी. साइटवर दिवसभर हीच दोन नावं घुमतात. टँकर कमी पडला तरी पंचाईत, जास्त झाला तर कामच पाण्यात!

प्रॉक्टर टेस्टची रेसिपी: 2.6 किलोचं धुम्मस, 310 मिलिमीटरवरून, तीन थर, दर थराला 25 ठोके. दुसऱ्या महायुद्धात जड विमानं आली, धावपट्ट्यांना हे पुरेना. मग आली हेवी टेस्ट: 4.9 किलो, 450 मिलिमीटर, पाच थर. ऊर्जा साडेचार पट!

काळी माती पिकाला राणी, पण रस्त्याला? तिची कमाल घनता घनमीटरला साधारण 1400 ते 1600 किलो, चांगला मुरूम त्याच्या बराच पुढे. म्हणून तर मुरमाचे डंपर धावतात.

ओल मोजायला ओव्हनमध्ये 105 ते 110 अंशांवर 24 तास. घाई आहे? बंद डब्यात ओल्या मातीवर कॅल्शियम कार्बाइड टाका. ॲसिटिलीन वायू तयार होतो, त्याच्या दाबावरून काही मिनिटांत ओल कळते. हो, आंबे पिकवायला बंदी असलेलं तेच कार्बाइड! इथे मात्र ते शहाण्यासारखं वागतं.

वाळूची टेस्ट तर भन्नाट. खड्डा खणा, माती तोला, खड्ड्यात मोजलेली वाळू ओता. किती मावली त्यावरून आकारमान. पण शेजारी रोलर थरथरत असेल तर वाळू जास्त दाटून बसते, खड्डा मोठा वाटतो आणि चांगली माती उगाच नापास होते. म्हणून आधी रोलर बंद!

शंभरपैकी 102 मिळतात, माहीत आहे का? मिळतात! जडशीळ रोलरची ताकद लॅबच्या धुम्मसाला मागे टाकते. अशा रिपोर्टला लगेच खोटं ठरवू नका; मात्र लॅबला दिलेला नमुना त्याच मातीचा होता ना, हे जरूर तपासा.

आणि चंद्र? तिथल्या कोरड्या ठणठणीत मातीत ओव्हनची गरजच नाही! अपोलोच्या नमुन्यांवरून वरच्या 15 सेंटिमीटरची घनता निघाली घनमीटरला सुमारे 1500 किलो.

तुमच्या गल्लीत मुरूम पडला, रोलर फिरला, की डांबर पडायच्या आधी साइट इंजिनियरला बिनधास्त विचारा, “साहेब, कॉम्पॅक्शन किती टक्के आलं?” डांबर पडल्यावर खालचा थर तपासायचा तर रस्ताच फोडावा लागतो.