मूठभर चिखलातल्या पाच सृष्टी

चेंदणी कोळीवाड्यापासून ऐरोलीपर्यंत ठाण्याच्या खाडीला ओहोटी लागली की काळा चिखल उघडा पडतो. पुलावरून जाणारा तो वासावरून ओळखतो आणि नाक दाबून पुढे जातो. शाळेत आपण सगळ्यांनी पंचसृष्टी वर्गीकरण पाठ केले. परीक्षा संपली, नावे विसरलो. त्या पाचही सृष्टी या गाळात एकमेकींच्या जिवावर जगताना दिसतात. आणि सजीवांचे गट विज्ञानाला पुन्हा पुन्हा का मोडावे लागले, हेही इथे नीट कळते.

दोन सृष्टी पुरेनात

१७३५ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने सजीवांच्या दोन सृष्टी मानल्या: वनस्पती आणि प्राणी. खाडीकाठी हे सहज पटते. तिवर ही वनस्पती. खारे पाणी शोषून जादा मीठ ती पानांतल्या ग्रंथींवाटे बाहेर टाकते. पानावर बोट फिरवले की मिठाचे कण हाताला लागतात. निवटी हा प्राणी. मासा असूनही ओल्या त्वचेतून श्वास घेत, पुढच्या परांवर रेटा देत ती चिखलावरून उड्या मारते.

पण त्याच चिखलावर ओहोटीच्या उन्हात तपकिरी झाक येते. ती असते डायाटमची. प्रत्येक डायाटम एकाच पेशीचा, सिलिकाच्या पारदर्शक कवचात बंद. तो वनस्पतीसारखा उन्हावर अन्न तयार करतो. त्यातल्या कित्येक जाती ऊन पडले की गाळातून सरकत वर येतात आणि भरतीपूर्वी पुन्हा खाली जातात. अशा जिवांसाठी जर्मनीच्या अर्न्स्ट हेकेलने १८६६ साली तिसरी सृष्टी सुचवली: प्रोटिस्टा.

व्हिटेकरचा प्रश्न

अमेरिकी परिस्थितीशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ साली पाच सृष्टींची मांडणी केली. पेशीची रचना पाहताना त्यांनी एक प्रश्न मध्यभागी ठेवला: हा जीव अन्न कसे मिळवतो? वनस्पती ते तयार करतात, प्राणी गिळतात, आणि कवके बाहेरच पाचकरस सोडून विरघळलेले अन्न शोषतात. तिवराचे पान चिखलात पडले की कवकांचे धागे हेच करतात. त्या कुजक्या पानावर बारीक जीव पोसले जातात, त्यांच्यावर मासे आणि कोळंबी.

तोवर कवके वनस्पतींतच मोजली जात. प्रत्यक्षात त्यांच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, म्हणजे चिंबोरीच्या कवचात असते तेच द्रव्य. पुढे जनुकांच्या अभ्यासाने दाखवले की कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत. हे नाते रुग्णालयात महाग पडते. २०२१ साली महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस हा कवकाचा आजार अनुभवला. कवकाची पेशी आपल्या पेशीशी इतकी मिळतीजुळती की तिला मारणारे औषध रुग्णाच्या मूत्रपिंडालाही इजा करू शकते.

पाचवी सृष्टी मोनेरा, म्हणजे जीवाणू. हिवाळ्यात खाडीवर येणारा छोटा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, जिभेने पाणी आत-बाहेर खेचतो आणि चोचीच्या जाळीत डायाटम व नील-हरित जीवाणू अडकवतो. पिसांचा गुलाबी रंग याच अन्नातल्या रंगद्रव्यांतून येतो. या नील-हरित जीवांना पूर्वी शैवाल म्हणत. पेशीत केंद्रक नाही, म्हणून त्यांची रवानगी जीवाणूंत झाली.

बुडबुड्यातला तिसरा वंश

चिखल खोलवर ढवळला की बुडबुडे येतात. प्राणवायू नसलेल्या थरात काही सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी अशाच मिथेनकारी जिवांचे रायबोसोमल आरएनए तपासले. दिसायला जीवाणू, पण वंश अगदी निराळा! त्यातून आर्किया हा गट उभा राहिला आणि १९९० साली वूज यांनी सजीवांची तीन अधिक्षेत्रे मांडली: जीवाणू, आर्किया आणि केंद्रक असलेले सगळे. तिवर, निवटी, कवक आणि आपण, सारे या तिसऱ्या शाखेचे.

हे ज्ञान पुस्तकी नाही. पावसाळ्यात कल्याण-डोंबिवलीत ताप आला की डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. लेप्टोस्पायरोसिस जीवाणूचा, मलेरिया प्रोटिस्टाचा, तर डेंग्यू कोणत्याच सृष्टीत न बसणाऱ्या विषाणूचा. पेनिसिलिन जीवाणूची पेशीभित्तिका बांधू देत नाही. मलेरियाच्या परजीवीला ती भित्तिकाच नसते, डेंग्यूच्या विषाणूला तर पेशीच नसते. म्हणून तपासणीआधीच मेडिकलमधून गोळ्या आणणे घातक.

२०१५ साली खाडीचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झाले, २०२२ साली ठाणे खाडीला पाणथळ जागांसाठीचा रामसर दर्जा मिळाला. रोहितांची गणना होते, तिवरांची हद्द आखली जाते. हे हवेच, पण ते दोनच सृष्टींचे रक्षण झाले. सांडपाणी आणि भराव यांचा पहिला घाव बसतो तो गाळातल्या उरलेल्या तीन सृष्टींवर आणि आर्कियांवर. खाडीकाठच्या महाविद्यालयांत सूक्ष्मदर्शक आहेत, विद्यार्थी आहेत. दर ऋतूला गाळ तपासून या अदृश्य जिवांची नोंद ठेवावी आणि प्रत्येक भरावाच्या प्रस्तावापुढे ती मांडावी. रोहितांचे पोट ज्यांच्यावर भरते, त्यांना वगळून केलेले संवर्धन अर्धेच राहील.